आत्या दगडांना जेवू घालते

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (आडवं पडून घातला तर उठवायला घरात कोण आहे, असं तू लगेच म्हणशील, म्हणून उभ्याउभ्याच घातला आहे. गोड मानून घे.) पत्र अशासाठी की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागद मध्येच "आधी माझं ऐक" म्हणत नाही. तुझी तब्येत बरी असेल. गुडघ्याला तेल लावतोस ना? डोळे कसे आहेत? दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून तुला समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मोज्यांची भोकंसुद्धा दिसतात, असं तुझी लेक सांगत होती. ऐकून बरं वाटलं. ऑपरेशनला वेळ किती लागतो, भूल देतात की नुसतंच गप्प बसवतात, नंतर थेंब कितीदा घालायचे, आणि खाली वाकायचं नाही म्हणतात त्यात खरं किती, हे सविस्तर कळव. सहज विचारते आहे. अक्षर मोठं आणि ओळी उतरत्या वाटल्या तर तो कागदाचा दोष समज. इकडे मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे चांगली खणखणीत.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र मिळालं. (चष्मा सापडत नव्हता, म्हणून खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तू मला जिथे जिथे "हट्टी" म्हटलं आहेस तिथे तिथे त्यांनी आवाज चढवला, हे मी लक्षात ठेवलं आहे.) तुझ्या लेकीने काढलेला माझ्या टाकीचा फोटो तू पाहिलास, तो पाहून पैज जिंकल्याचं परस्पर जाहीर केलंस, आणि महिनाअखेरीस टेम्पो घेऊन मला सामानासकट उचलायला येतो आहेस, असं कळलं. टेम्पो रद्द कर. या पत्राचा विषय एवढाच आहे. पुढचं सगळं पुरावा म्हणून वाच.

पैज काय होती ते पुन्हा लिहून ठेवते, कारण तुझ्या सोयीप्रमाणे तिचे शब्द बदलतात. वहिनी गेली तेव्हापासून तू धोशा लावला आहेस की एकटीने राहू नकोस, माझ्याकडे ये, एक खोली रिकामी आहे. मी नाही म्हटलं. तू म्हणालास, जिच्या हातून कोरफडसुद्धा मरते ती स्वतःला काय जगवणार. (ती कोरफड तू भेट दिली होतीस आणि ती येतानाच मेलेली होती. असो.) मी म्हटलं, जगवायला सर्वांत अवघड असेल ते आणते आणि तू येईपर्यंत जगवून दाखवते. जगलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मेलं, तर मी मुकाट्याने बोचकं बांधते. तू "हो" म्हणालास. हसत म्हणालास, पण म्हणालास.

त्याच दिवशी मी मासेवाल्याकडे गेले. त्याचं दुकान म्हणजे बोळासारखी अरुंद खोली, दोन्ही बाजूंना काचा, पायाखाली ओली फरशी आणि सगळीकडे बुडबुड. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गोड्या पाण्यातला एक लाल मासा वाडग्यात घालून पुढे केला. म्हणाला, "आजी, याला काही लागत नाही." एक तर आजी कोणाची, आणि दुसरं म्हणजे काही न लागणाऱ्यांची मला चीड आहे. (आपल्याकडे असे दोन काका होते. "मला काही नको" म्हणायचे आणि सगळं घर त्यांच्यामागे धावायचं.) शेवटी त्याने कबूल केलं की सगळ्यांत अवघड म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी. समुद्राचा तुकडा घरात आणायचा आणि तो बिघडू न देता नांदवायचा. भलेभले हात टेकतात, म्हणाला. मी म्हटलं, तीच बांधा.

सामान काय काय म्हणून सांगू. टाकी, पंप, पाणी उबदार ठेवणारी कांडी, वाळू, मिठाची पिशवी आणि दगड. साधे नव्हेत, जिवंत दगड. मला वाटलं फसवतोय. पण त्याचं म्हणणं असं की दगडांच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि माशाची घाण तेच पचवतात. ते टाकीत रुळेपर्यंत मासा टाकायचा नाही, नाहीतर तो आपल्याच घाणीत गुदमरून मरतो. हे मला एका झटक्यात पटलं. उभी हयात मी इस्पितळाचं स्वयंपाकघर चालवलं, तिथे नेमकं उलटं असायचं. जेवणारे आधी भरती व्हायचे आणि भांडी घासणारे नेमायची मंजुरी मागाहून यायची. तर ते दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, मांडीवर घेऊन टॅक्सीने आणले. वास सुटला तसं ड्रायव्हरने विचारलं, काय आहे. जिवंत दगड आहेत, म्हटलं. उरलेला रस्ता त्याने आरशातून माझ्यावर नजर ठेवून गाडी चालवली.

टाकी ठेवायला जागा एकच होती. तू आलास की ज्या खुर्चीत बसून मला सूचना करतोस, त्या खुर्चीची. खुर्ची सरकवली. वकील टेप घेऊन वर आले, कारण टाकी खाली आलीच तर नेमकी त्यांच्या उशीवर येते. त्यांनी नोटीस देण्याची धमकी दिली, मी म्हटलं द्या. मग पाणी भरायची वेळ आली तेव्हा कुतूहल अनावर होऊन नळी धरायला तेच उभे राहिले. (चांगले वकील आहेत, फक्त त्यांच्याकडे अशील येत नाहीत, त्यामुळे वेळ भरपूर आहे.)

मिठाचं सांगते. मासेवाल्याने मिठाबरोबर प्लास्टिकचं एक डबडं दिलं होतं. त्यात पाणी भरलं की आतला काटा वर चढतो, आणि बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या बारीक रेघा असतात, त्यांवरून खारटपणा बघायचा. डबडं मी ड्रॉवरमध्ये टाकलं. जिने शेकडो माणसांच्या सुपात मूठ उघडून मीठ घातलं आणि एकदाही ताट परत आलं नाही, तिने रेघा मोजायच्या? मी तळहाताने मीठ घातलं, बोट बुडवून चाखलं आणि आठवणीतल्या समुद्राशी ताडून पाहिलं. (लहानपणी लाटेने मला आडवं केलं होतं आणि तू काठावर कोरडा उभा राहून "पाय रोव, पाय रोव!" ओरडत होतास. तेव्हा पोटभर प्यायले आहे, चव विसरणं शक्य नाही.) वकिलांनाही चाखायला लावलं. त्यांनी मत राखून ठेवलं.

मग वाट बघणं. मासेवाल्याकडे कुठलीही तक्रार घेऊन गेलं तरी तो एकच शब्द बोलतो, "थांबा." पाण्यातल्या त्या अदृश्य मंडळींना खायला काहीतरी हवं, म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकीत टाकायचं, असं त्याने सांगितलं होतं. टाकीत मासा नाही, नुसते दगड. मी रोज सकाळी झाकण उघडायची, खाणं टाकायची आणि दोन शब्द बोलायची. (काय बोलायची ते आमच्यात राहू दे.) हे वकिलांनी जिन्यातून पाहिलं आणि शेजारधर्म म्हणून तुझ्या लेकीला कळवलं, "तुमच्या आत्या दगडांना जेवू घालतात." बातमी शब्दशः खरी होती, म्हणून मी त्यांना माफ केलं.

पाणी तयार झालं की नाही हे बघायला एक तपासणी असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा आला तर पाणी बरं, हिरवा आला तर विषारी. मला पहिल्याच आठवड्यात स्वच्छ पिवळा दिसला. मी पिशवी घेऊन मासा आणायला निघाले, तर जिन्यात वकील आडवे आले. त्यांना नळी हिरवीगार दिसत होती. आमचा कडाक्याचा वाद झाला. मी म्हटलं, तुमचा चष्मा बदला. ते म्हणाले, उजेडात चला. उजेडातही मला पिवळाच दिसला, पण मासेवाला त्यांच्या बाजूने गेला. दोन विरुद्ध एक. लोकशाहीपुढे मी मान तुकवली, मत बदललं नाही.

याच सुमारास टाकीने रंग बदलला. वाळूवर, दगडांवर, काचेवर तपकिरी बुरशीसारखा थर चढला. प्रत्येक नव्या टाकीला ही अवकळा येतेच, आणि हात न लावता राहिलं तर आपोआप जाते, असं मासेवाला म्हणाला (म्हणजे "थांबा" म्हणाला, बाकीचं मी ताणून काढलं). आणि नेमक्या याच मुहूर्तावर तुझी लेक अवतरली. आत्याची चौकशी करायला आले, म्हणाली. चौकशी करताना तिची नजर माझ्यावर नव्हती, टाकीवर होती. मी चहा करायला आत गेले तेवढ्यात तिने फोटो काढून तुला पाठवलासुद्धा. त्या फोटोवर तू मला हरवलंस! अरे, गोवर आलेल्या पोराचा फोटो काढून कोणी त्याचं लग्न मोडतं का?

थर खायला म्हणून मी गोगलगायी आणल्या. कामसू जात. काच चाटून पुसून लख्ख करायच्या. पण एके दिवशी पाहते तर सगळ्या पाण्याबाहेर येऊन काचेवर ओळीने बसलेल्या, आणि एक थेट झाकणाला चिकटलेली. मला वाटलं, काम आटोपून विसावल्या आहेत. वकिलांना जप्तीची घरं पाहायची सवय. ते म्हणाले, हे लोक घर सोडून चालले आहेत. त्यांनी ड्रॉवर उघडला, ते डबडं काढलं, पाणी भरलं. काटा वर जाऊन असा आदळला की पुढे रेघाच शिल्लक नव्हत्या.

झालं होतं असं की टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. जेवढं कमी व्हायचं तेवढं मी खारं पाणी कालवून भरायची. कमी झालेलं भरलं, यात चुकलं कुठे? तर मासेवाला पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलला: "आजी, पाणी उडतं, मीठ मागेच राहतं." दादा, सूप आटलं की खारट होतं, वरून पाणी घाला, हे मी किती स्वयंपाक्यांना ओरडून सांगितलं असेल याची गणतीच नाही. आणि माझ्याच घरात माझंच सूप आटत होतं. तरी मी याला चूक म्हणणार नाही. अनुभव जरा जास्त पडला, इतकंच. मी एका दमात अर्धं पाणी उपसायला निघाले होते, पण "थांबा." मग रोज थोडं थोडं गोडं पाणी घालत काटा हळूहळू खाली आणला. काटा वकील वाचायचे, पाणी मी घालायची. गोगलगायी परत पाण्यात उतरल्या. झाकणावरची सर्वांत शेवटी आली, तीही मान राखून.

मग एकदाची नळी तिघांनाही पिवळी दिसली आणि मासा आला. बोटाएवढा, पिवळा. मी रीतसर स्वागत केलं, दिवा मंद केला, पिशवी टाकीत तरंगत ठेवून त्याला आमच्या पाण्याची सवय होऊ दिली. पिशवीतून बाहेर पडला आणि जो पंपामागे जाऊन बसला तो बसला. खाईना, हलेना. पहिला दिवस लाजतोय म्हटलं. पुढे लाजण्याची मुदत संपली तरी तोच प्रकार. इथे खोटं लिहीत नाही दादा, मी घाबरले. पैजेसाठी नव्हे. एवढासा जीव माझ्या भरवशावर आणला आणि तो भरल्या घरात कोपरा धरून बसला. पाणी चोख होतं, ऊब बरोबर होती, खाणं समोर होतं. पण एकट्याने ताट पुढे घेऊन बसलं की दोन घासांतच पोट भरतं, हे मला माहीत आहे. तुलाही आता माहीत असेल. मी नाक काचेला लावून बसून राहायची आणि त्याला "खा रे बाबा" म्हणायची, आणि दुसरं काही सुचायचं नाही.

मासेवाल्याला सांगितलं. यावेळी तो "थांबा" म्हणाला नाही. आतून एक लहानशी कोळंबी घेऊन आला, एक नांगी मोठी, एक छोटी. ती टाकीत सोडली, मी स्वयंपाकघरात वळले आणि टाकीतून "टाक्!" असा आवाज आला. काच तडकली! मी किंचाळले. वकील एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात विम्याचे कागद घेऊन दोन दोन पायऱ्या चढत आले. आम्ही दोघांनी काचेचा इंच न् इंच चाचपला. मग पुन्हा "टाक्!" आणि वकिलांनी गुन्हेगार पकडला. कोळंबी नांगी वाजवत होती. तिची रीतच तशी. एवढ्याशा देहाला एवढा आवाज, मला ती तेव्हाच आवडली.

पुढचं वकिलांनी काचेपाशी बसून सांगितलं आणि मी ऐकलं. कोळंबीने दगडाखाली बीळ खणायला घेतलं. तिला जवळजवळ दिसत नाही, पण नांग्या थांबत नाहीत. वाळू उपसते, खडे आणून दाराला टेकू लावते, ढासळलं की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत आमचे पिवळे महाराज पंपामागून निघाले, इकडेतिकडे बघत बिळापाशी आले आणि दारात उभे राहिले. खणण्यात काडीची मदत नाही. नुसते दारात उभे, तोंड उघडमीट, उघडमीट. पण काही धोका दिसला की शेपटी फडफडवून इशारा देतात आणि दोघंही आत. कोळंबी बाहेर येते ती आपली एक मिशी त्याच्या अंगाला टेकवूनच. दुसऱ्या दिवशी मी खाणं टाकलं आणि त्याने खाल्लं. वकिलांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना पुन्हा नीट बघायला लावलं. खाल्लं, म्हणाले. मी बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या त्या माणसाला दोन चमचे साखर घालून चहा दिला आणि त्यानेही तो निमूट प्यायला.

तर दादा, आजची स्थिती अशी. नळी पिवळी, काटा जागेवर, काच लख्ख, गोगलगायी कामावर, मासा पोटभर जेवतो, कोळंबीने दुसरं दार काढलं आहे. पैज मी जिंकले. शिवाय टाकी स्थिरावली की तिला जागेवरून हलवायचं नसतं. हलवली की वाळूखालची घाण वर येते आणि सगळ्यांच्या जिवावर बेतते. हे मासेवाल्याचं वाक्य आहे, माझं नव्हे, पण माझ्या बाबतीतही लावायला हरकत नाही. तेव्हा टेम्पो रद्द. पुन्हा लिहिते, टेम्पो रद्द. लेकीला अनेक आशीर्वाद, आणि पुढच्या वेळी फोटो काढण्याआधी मला हाक मारायला सांग. तू जप. जेवत जा.

तुझी, कोणाच्याही टेम्पोत न बसणारी,
धाकटी बहीण

ता. क. माशाचं नाव मी "दादा" ठेवलं आहे. राग मानू नकोस. काम न करता दारात उभं राहून दिवसभर तोंड उघडमीट करणारा माझ्या ओळखीत दुसरा कोणी नव्हता.

आणखी ता. क. वकिलांना हिरवं दिसत होतं ते मला पिवळं का दिसत होतं, हा प्रश्न तुझ्या डोक्यात आला असेलच. मलाही आला, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि चांगला पिकला आहे, त्यामुळे मला सगळं जगच पिवळं दिसतं. डबड्यावरच्या रेघा मला कधी दिसल्याच नव्हत्या. तळहाताचा अंदाज वगैरे खरं, पण तेवढंच खरं नव्हे. ऑपरेशन ठरलं आहे, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. त्यानंतर वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, आणि थेंब दुसऱ्याने घालायचे. वकील तयार आहेत, पण प्रत्येक थेंबाआधी माझी लेखी संमती मागतील, आणि मला तेव्हा सही करता येणार नाही.

शेवटचा ता. क. तू लिहिलंस, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. वहिनी गेल्यापासून तुझ्या घरातली कुठली खोली भरलेली आहे, तेही लिहायचं होतंस. मी मासेवाल्याला विचारलं, कोळंबी कधी माशाकडे राहायला जाते का? तो म्हणाला, छे, बीळ कोळंबीचं असतं, राहायला मासा येतो. खुर्ची टाकीसमोर मांडून ठेवली आहे. टेम्पो रद्द करू नकोस. दिवस तोच, पत्ता तोच, सामान तेवढं तुझं भर.